झटका मेंदूत, बिघाड हृदयात

1856 साली फ्रीडरिश लुडविग माइस्नर नावाच्या डॉक्टरांनी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये मूकबधिरांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात एका बहिऱ्या मुलीची हकिकत आहे. शाळेत तिच्या हातून एक किरकोळ चोरी झाली. मुख्याध्यापकांनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं. ती कोसळली आणि जागीच गेली. आई-वडिलांना ही बातमी कळली तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. त्यांची आणखी दोन मुलं अशीच गेली होती. एक जबर भीती बसल्यावर आणि दुसरं संतापाच्या भरात.

भावनेच्या एका धक्क्याने मूल मरतं आणि एकाच घरात हे पुन्हा पुन्हा घडतं, याचा अर्थ लावायचं साधन तेव्हा नव्हतं. ते यायला शंभर वर्षं लागली. 1957 साली नॉर्वेच्या अँटन येरवेल आणि फ्रेड लांगे-नील्सन यांनी एका कुटुंबाची माहिती छापली. सहा भावंडांपैकी चौघं जन्मतः बहिरी होती, त्यांना वारंवार बेशुद्धीचे झटके येत आणि त्यातली तिघं लहानपणीच अचानक दगावली. या मुलांच्या ईसीजीत एक अंतर नेहमीपेक्षा फार लांबलेलं होतं. त्याला क्यूटी म्हणतात. 1963 साली इटलीत चेझारिनो रोमानो यांना आणि 1964 साली डब्लिनमध्ये कॉनर वॉर्ड यांना हाच दोष उत्तम ऐकू येणाऱ्या मुलांमध्येही सापडला. आज या विकाराला लाँग क्यूटी सिंड्रोम म्हणतात. साधारण दोन हजारांत एकाला तो असतो.

माइस्नर यांच्या हकिकतीतली मुलगी झटक्यात दगावली म्हणून तिची नोंद राहिली. पण असे पुष्कळ झटके वीस-तीस सेकंदांत आपोआप थांबतात. मूल पडतं, ताठ होतं, हातपाय झाडतं आणि मग डोळे उघडून इकडेतिकडे बघू लागतं. पाहणारे म्हणतात, फिट आली. डॉक्टरांना तेच सांगितलं जातं, कागदावर ‘एपिलेप्सी’ लिहिलं जातं आणि गोळ्या सुरू होतात. गोळ्या मेंदूसाठी असतात, बिघाड मात्र छातीत असतो. हे प्रकरण या गफलतीविषयी आहे, कारण ती जिवावर बेतणारी आहे आणि बहुतेक वेळा टाळता येण्यासारखीही आहे.

रक्त थांबलं की मेंदू काय करतो

मेंदू ऑक्सिजन साठवून ठेवत नाही. त्याचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर पाच ते दहा सेकंदांत शुद्ध हरपते. याचं कारण हृदय थांबणं असो, ते अतिवेगाने नुसतं थरथरणं असो की रक्तदाब एकदम कोसळणं असो, मेंदूला त्याने फरक पडत नाही. रक्त आलं नाही की त्याच्या वरच्या थराचं काम बंद पडतं, खालच्या भागांवरचा अंकुश सुटतो आणि स्नायूंना झटके बसू लागतात.

‘झटके आले म्हणजे मिरगीच’ ही समजूत 1994 साली बर्लिनमध्ये झालेल्या एका प्रयोगाने खोटी पाडली. थॉमस लेम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना उकिडवं बसून जोरजोरात श्वास घ्यायला लावला, मग चटकन उभं राहून श्वास कोंडायला सांगितलं. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटून 42 जण पूर्ण बेशुद्ध पडले आणि ते सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं. बेशुद्धी सरासरी 12 सेकंद टिकली. त्यातल्या 90 टक्के लोकांच्या हातापायांना किंवा चेहऱ्याला झटके आले. बहुतेकांचे डोळे उघडेच होते आणि बुबुळं वर गेली होती. यातल्या कोणालाही एपिलेप्सी नव्हती. म्हणजे ज्या खुणांवरून घरचे आणि कधी कधी डॉक्टरही ‘फिट’ असं निदान करतात, त्या साध्या घेरीतही दिसतात.

हृदय आणि मेंदू यांची ही गल्लत वैद्यकाला नवी नाही. इटलीतल्या पादुआचे मोर्गान्यी यांनी 1761 सालच्या ग्रंथात एका धर्मगुरूची हकिकत नोंदवली आहे. त्याची नाडी विलक्षण मंद होती आणि त्याला मिरगीसारखे झटके येत. डब्लिनमध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1827 साली आणि विल्यम स्टोक्स यांनी 1846 साली अशाच रुग्णांबद्दल लिहिताना बोट थेट हृदयाकडे दाखवलं. वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश अडला की ठोके काही सेकंद थांबतात आणि माणूस कोसळतो. हे झटके त्या दोघांच्या नावाने ओळखले जातात. स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना असे झटके दिवसातून वीस-तीस वेळा येत. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये शरीराच्या आत बसणारा जगातला पहिला पेसमेकर त्यांना बसवण्यात आला. पुढे ते पेसमेकर बदलत बदलत 2001 सालापर्यंत, वयाच्या 86व्या वर्षापर्यंत जगले.

लांबलेली विश्रांती

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज व्हावं लागतं. त्यासाठी पेशींच्या आवरणातल्या सूक्ष्म मार्गांतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात. लाँग क्यूटी असलेल्या बहुतेकांत यातला एखादा मार्ग जन्मतःच सदोष असतो, तर काहींत सोडियमचा मार्ग वेळेवर बंद होत नाही. दोन्हींचा परिणाम एकच होतो, पेशी सावरायला उशीर लागतो. त्या अर्धवट सावरलेल्या अवस्थेत एखादा अवेळी ठोका पडला तर खालचे कप्पे मिनिटाला दोनशेहून जास्त वेगाने धडधडू लागतात. ईसीजीवर या लहरी एका आडव्या रेषेभोवती पीळ घेत गेल्यासारख्या दिसतात. 1966 साली पॅरिसचे देसेर्तेन यांनी हा आकार प्रथम वर्णन केला. इतक्या वेगात हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही. ही धावपळ आपोआप थांबली तर माणूस उठून बसतो. ती थांबली नाही आणि हृदयाचं नुसतं थरथरणं सुरू झालं तर काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. सकाळी ‘फिट येऊन गेली’ असं वाटलेलं मूल आणि संध्याकाळी मैदानात गेलेलं मूल यांच्यात फरक उरतो तो एवढाच.

क्यूटी मोजायला फक्त ईसीजीची पट्टी आणि थोडी चिकाटी लागते. नाडी जलद असली की क्यूटी मुळातच आखूड होतो, म्हणून तो नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त करून घ्यावा लागतो. हेन्री बॅझेट यांनी 1920 साली दिलेलं सूत्र आजही वापरलं जातं. मोजलेला क्यूटी दोन ठोक्यांमधल्या सेकंदांच्या वर्गमुळाने भागायचा. एखाद्याचा क्यूटी 400 मिलिसेकंद आहे आणि नाडी 60 आहे असं समजू. दोन ठोक्यांत एक सेकंदाचं अंतर आहे, म्हणून उत्तर 400 येतं. हे अगदी ठीक आहे. तोच 400चा क्यूटी नाडी 94च्या आसपास असताना मिळाला तर दोन ठोक्यांतलं अंतर 0.64 सेकंद, वर्गमूळ 0.8 आणि उत्तर 500. ते धोक्याच्या हद्दीत जातं. पट्टीवर दोन्हीकडे लांबी सारखीच दिसते, म्हणून नुसत्या नजरेने पाहून ‘नॉर्मल’ म्हणता येत नाही. पुरुषांत साधारण 450 आणि स्त्रियांत 460 मिलिसेकंदांपर्यंतचा दुरुस्त क्यूटी सामान्य धरतात. 480च्या पुढे संशय बळावतो. यंत्र हा आकडा स्वतःच छापतं, पण यंत्रही चुकतं. झटक्याच्या तक्रारीसाठी काढलेल्या ईसीजीवर तो डॉक्टरांनी स्वतः मोजून लिहायला हवा.

पडण्याआधीचा क्षण

निदानाची अर्धी वाट रुग्णाची हकिकतच दाखवते. अट एवढीच की ती विचारणारा हवा. आपण पडल्यानंतर काय झालं ते तपशीलवार सांगतो: तोंडाला फेस आला, दातखीळ बसली, कपड्यात लघवी झाली. बेशुद्धीत लघवी होणं कुठल्याही प्रकारात घडू शकतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. खरा सुगावा पडण्याआधीच्या मिनिटात असतो.

लाँग क्यूटीचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. पहिल्या प्रकारात झटका श्रम करताना येतो. धावताना येतो आणि विशेषतः पोहताना. दुसऱ्यात तो अचानक दचकल्यावर येतो. पहाटे गजर वाजतो, फोनची घंटा वाजते, कोणी ओरडतं आणि अंथरुणातून उठू पाहणारी व्यक्ती कोसळते. या प्रकारच्या स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या महिन्यांत धोका अधिक असतो. तिसऱ्यात झटका बहुधा झोपेत किंवा विश्रांतीत येतो. झोपेतले झटके एपिलेप्सीतही येतात, म्हणून इथे फसगत सर्वांत सोपी आहे.

याच घराण्यातला आणखी एक विकार लहान मुलांना गाठतो. 1978 साली पॅरिसच्या फिलिप कूमेल यांनी त्याचं वर्णन केलं. त्याचं लघुरूप सीपीव्हीटी. यात हृदयाची रचना चांगली असते आणि शांत पडून काढलेला ईसीजीही चांगलाच येतो. मूल धावलं, रागावलं, घाबरलं किंवा आनंदाने उसळलं की ठोके बिथरतात. एवढा स्वच्छ ईसीजी पाहिल्यावर डॉक्टर हृदयाचा विचार सोडून देतात आणि मूल मेंदूच्या गोळ्यांवर वर्षं काढतं. ट्रेडमिलवर धावताना काढलेल्या ईसीजीत मात्र हा विकार पकडता येतो.

ब्रुगाडा सिंड्रोममध्ये वेळ निराळी असते. पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी 1992 साली त्याचं वर्णन केलं. इथे झटका रात्री झोपेत किंवा तापात येतो. तापात झटका आला की घरात सगळ्यांना एकच कारण सुचतं. लहान मुलांत बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण मोठ्या माणसाला तापात झटका आला असेल तर ईसीजी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

झटका संपल्यानंतरचा वेळही बोलका असतो. एपिलेप्सीच्या मोठ्या झटक्यानंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला राहतो, असंबद्ध बोलतो, गाढ झोपी जातो, डोकं दुखतं, अनेकदा जिभेची कड चावली गेलेली असते. हृदयामुळे आलेला झटका थोडक्यात आटोपतो, पडताना चेहरा पांढराफटक पडतो आणि शुद्ध आली की माणूस बहुधा लगेच माणसांना ओळखतो. या खुणा सर्वांना सारख्याच लागू पडत नाहीत. रक्तपुरवठा जास्त वेळ थांबला असेल तर गोंधळ इथेही राहतो. तरीही या गोष्टी विचारल्या तर संशयाची दिशा कळते.

आणि मग घराण्याकडे वळायचं. चाळिशीच्या आत कोणी अचानक गेलं का? हा प्रश्न एवढाच विचारला तर आपल्याकडे उत्तर बहुतेकदा ‘नाही’ येतं, कारण अशा मृत्यूंना घरात वेगळी नावं मिळालेली असतात. काका विहिरीत बुडाला, असं सांगतात. पण तो पट्टीचा पोहणारा होता हे विचारल्याशिवाय कळत नाही. आत्या झोपेतच गेली. धाकट्या भावालाही फिट यायच्या, त्यातच गेला. प्रत्येक मृत्यूची हकिकत वेगळी काढून घ्यावी लागते. येरवेल आणि लांगे-नील्सन यांनी वर्णन केलेला बहिरेपणासह येणारा प्रकार आई आणि वडील अशा दोन्हीकडून सदोष जनुक आलं तरच होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा असलेल्या आपल्या अनेक समाजांत ही शक्यता वाढते. म्हणून जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलाचा ईसीजी एकदा तरी काढलाच पाहिजे, आणि कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देण्याआधी काढलाच पाहिजे.

कागद काय सांगतात, काय सांगत नाहीत

झटका येऊन गेला की आपल्याकडे पहिल्यांदा ईईजी आणि एमआरआय लिहून दिले जातात. हान्स बेर्गर यांनी 1929 साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून ईईजीने एपिलेप्सीच्या निदानाला मोठा आधार दिला आहे. पण एपिलेप्सी असलेल्या कित्येकांचा पहिला ईईजी साफ येतो आणि काही निरोगी मुलांच्या ईईजीत थोडी वेडीवाकडी लहर दिसते. हकिकत न विचारता त्या एका लहरीवर निदान बसवलं की ते पुढची अनेक वर्षं कोणी हलवत नाही. ईईजीच्या कागदावर तळाशी बहुधा हृदयाचीही एक रेघ छापलेली असते. ती वाचणाऱ्याला क्वचित रोगाचं मूळ तिथेच दिसतं.

दुसरा फसवा दिलासा टूडी इकोचा. ‘इको नॉर्मल आला, हृदय एकदम ठणठणीत आहे,’ असं घरोघरी ऐकू येतं. इको हृदयाच्या भिंती, झडपा आणि आकुंचनाची ताकद दाखवतो. घराच्या भिंती तपासून आतल्या वायरिंगची खात्री देता येत नाही, तसंच हे आहे. लाँग क्यूटी आणि सीपीव्हीटीमध्ये इको पूर्णपणे चांगला येतो.

साध्या ईसीजीलाही मर्यादा आहेत. सदोष जनुक असलेल्या काहींचा क्यूटी विश्रांतीत सामान्य असतो. तेव्हा पुन्हा ईसीजी काढणं, ट्रेडमिलवर तपासणं, चोवीस तास ईसीजी टिपणारं होल्टर लावणं आणि जनुकांची तपासणी करणं या पायऱ्या येतात. झटके महिनोन्महिने अंतराने येत असतील तर छातीच्या कातडीखाली छोटा लूप रेकॉर्डर बसवता येतो. तो सुमारे तीन वर्षं प्रत्येक ठोक्यावर लक्ष ठेवतो.

निदान पुन्हा तपासल्याने काय हाती लागतं हे मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 2000 साली दाखवलं. एपिलेप्सीचा शिक्का बसलेल्या, पण औषधांनी झटके न थांबलेल्या किंवा निदानाविषयी शंका असलेल्या 74 जणांची त्यांनी हृदयाच्या दिशेने तपासणी केली. 31 जणांच्या झटक्यांना दुसरं कारण सापडलं. त्यातल्या अनेकांची ती साधी घेरी होती, काहींचं हृदय मध्येच थांबत होतं. हे निवडक रुग्ण होते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या रुग्णांना लावता येणार नाही. पण गोळ्या घेऊनही झटके येत राहिले तर डोस वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासावं, हा धडा सगळ्यांना लागू आहे.

चुकीच्या निदानाची किंमत

सर्वांत मोठी किंमत उघड आहे, खरा धोका तसाच राहतो. त्याखेरीज मेंदूच्या काही औषधांचा हृदयाच्या विद्युतयंत्रणेवरही परिणाम होतो. ब्रुगाडा असलेल्याला फेनिटॉइनसारखं औषध जपूनच द्यावं लागतं. व्हॅल्प्रोएट गर्भाला इजा करू शकतं, म्हणून तरुण मुलीला ते निष्कारण देणं गंभीर आहे. शिवाय समाजाची किंमत वेगळीच. ‘तिला फिट येतात’ एवढं वाक्य गावात पसरलं की मुलीची शाळा, नोकरी आणि लग्न यांच्यावर सावट येतं. एपिलेप्सी असलेल्या माणसाशी असं वागणं मुळात अन्यायाचं आहेच. तो आजारच नसताना हे भोगावं लागलं तर अन्याय दुप्पट होतो.

याउलट निदान बरोबर झालं तर उपाय हाताशी आहे. लाँग क्यूटीवरचा पहिला उपचार म्हणजे बीटा-ब्लॉकर गटातली औषधं. त्यातलं प्रोप्रॅनोलॉल साठ वर्षांपासून वापरात आहे आणि स्वस्त आहे. ते रोज, न चुकता घेतलं तर विशेषतः पहिल्या प्रकारच्या रुग्णांना मोठं संरक्षण मिळतं. औषध पुरत नसेल तर हृदयाकडे जाणाऱ्या डाव्या बाजूच्या काही चेता शस्त्रक्रियेने तोडतात. अमेरिकेतल्या आर्थर मॉस यांनी 1971 साली हा उपाय मांडला आणि मिलानच्या पीटर श्वार्ट्झ यांनी तो रुजवला. धोका फार असेल तर आयसीडी बसवतात. हृदय बिथरलं की ते यंत्र आतून शॉक देऊन ताल परत आणतं. याच्या जोडीला पथ्य असतं: क्यूटी लांबवणारी औषधं टाळायची. एरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं, उलटीवरचं डॉम्पेरिडोन आणि मानसोपचारातली काही औषधं या यादीत येतात. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलं तर तेही भरून काढावं लागतं. केमिस्टकडून काहीही घेताना आपला आजार सांगायचा.

लाँग क्यूटीच्या नेहमीच्या प्रकारात सदोष जनुक प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एका मुलाचं निदान झालं की आई, वडील, भावंडं या सर्वांचे ईसीजी काढायचे. या तपासणीत कधी कधी अशी माणसं सापडतात ज्यांना आजवर काहीच झालेलं नाही. त्यांना पहिला झटका येण्याआधीच औषध मिळतं.

घरच्यांनी काय करावं

झटका येणाऱ्यांपैकी खूप जणांना खरोखरच एपिलेप्सी असते आणि औषधांनी ती आटोक्यात राहते. म्हणून हे प्रकरण वाचून कोणीही चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. त्याने जिवावर बेतणारे झटके येऊ शकतात. घेरी येऊन पडणाऱ्यांपैकीही बहुतेकांना हृदयाचा गंभीर विकार नसतो. उन्हात रांगेत उभं राहून, रक्त पाहून किंवा दुखण्याने येणारी घेरी सर्रास दिसते.

कोणी पडलं तर नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्यात वेळ घालवू नका. श्वास चालू आहे का ते पाहा. तो चालू नसेल किंवा माणूस नुसते आचके देत असेल तर 108ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्यायला लागा. श्वास नीट असेल तर कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. दुसऱ्या कोणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. ते चित्रण डॉक्टरांना कुठल्याही वर्णनापेक्षा अधिक सांगतं. दवाखान्यात जाताना ज्याने झटका डोळ्यांनी पाहिला त्याला बरोबर न्या.

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. ईसीजी काढला का? त्यावर क्यूटी मोजला का, किती आला? धावताना, पोहताना, दचकल्यावर झटका आला असेल तर ट्रेडमिल चाचणी करायची का? ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एपिलेप्सीच्या संशयात बारा लीडच्या ईसीजीला स्थान आहे. हा ईसीजी दहा मिनिटांत होतो, तालुक्याच्या ठिकाणी निघतो आणि मेंदूच्या एमआरआयच्या तुलनेत त्याला फारच थोडे पैसे पडतात. झटक्याच्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये, गोळ्यांच्या पहिल्या चिठ्ठीच्या आधी, तो लागलेला असलाच पाहिजे. तो नसेल तर मागणं हा रुग्णाचा हक्क आहे आणि न मागता काढणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे.